पावकी, दिडकी आणि वाफेचे पाइप : अमेरिकेत युनियन स्टीमफिटर कसं व्हायचं

न्यू जर्सीतल्या एडिसन-आयसेलिन भागातल्या मराठी घरांतून मला वर्षातून तीन-चार फोन तरी एकाच प्रश्नाचे येतात. ‘पोराचं कॉलेजात मन लागत नाही, पण हाताला हुशारी आहे. तुम्ही त्या पाइपवाल्या युनियनमध्ये आहात ना, तिथं कसं शिरायचं?’ प्रत्येकाला फोनवर तासभर सांगतो, तरी निम्मं राहूनच जातं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

मी स्वतः याच वाटेनं आलो. आत्याच्या अर्जावर बाबांचं ग्रीन कार्ड झालं. मला एकविसावं पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले होते, त्यामुळे मीही त्यांच्याबरोबर येऊ शकलो. हातात बारावीचा दाखला होता आणि गावाकडच्या वर्कशॉपमधला दोन उन्हाळ्यांचा अनुभव. पहिल्या अर्जात मी पडलो, दुसऱ्यात निवडला गेलो. दोन्ही वेळा काय झालं ते पुढे सांगतोच.

आधी काम नेमकं काय ते समजून घ्या

घरी सांगितलं की लोक म्हणतात, ‘म्हणजे प्लंबर ना?’ प्लंबर पिण्याचं पाणी आणि सांडपाणी बघतो. स्टीमफिटर वाफ, तापवायचं गरम पाणी, एसीचं थंड पाणी, दाबाखालची हवा, कारखान्यातली रसायनं यांचे पाइप बसवतो. हॉस्पिटलं, औषधांचे कारखाने, रिफायनऱ्या, वीजकेंद्रं आणि आता मोठाली डेटा सेंटर्स ही आमची ठिकाणं. ज्यांनी साखर कारखान्याचं बॉयलर हाऊस पाहिलंय त्यांना एका वाक्यात कळेल : चिपाडं जाळून केलेली वाफ टर्बाइनकडे आणि तिथून रस उकळायला नेणारे ते जाड, वरून गुंडाळलेले पाइप असतात ना, ते बसवणारा माणूस म्हणजे स्टीमफिटर. माझे बाबा कारखान्यात बॉयलरवरच होते, त्यामुळे आमच्या घरी हे समजावायला वेळ लागला नाही.

युनियनचं नाव युनायटेड असोसिएशन, बोलताना सगळे यूए म्हणतात. स्थापना १८८९ ची. अमेरिका आणि कॅनडा मिळून तीन लाखांहून जास्त सभासद आहेत. पण तुम्ही ‘यूए’कडे अर्ज करत नाही, तुमच्या भागातल्या ‘लोकल’कडे, म्हणजे स्थानिक शाखेकडे करता. प्रत्येक लोकलला आकडा असतो. न्यूयॉर्क शहरात स्टीमफिटर्स लोकल ६३८, न्यू जर्सीत वॉरनची ४७५, फिलाडेल्फियात ४२०, शिकागोत ५९७, वॉशिंग्टनच्या परिसरात ६०२, ह्यूस्टनला २११. काही लोकलमध्ये प्लंबर आणि पाइपफिटर (आमच्यासारखेच पाइपवाले) एकत्र असतात, काहींत वेगळे. आपल्याला कोणता ट्रेड हवाय ते अर्जाच्या आधीच नक्की करा.

अर्ज कोण करू शकतं

वय १८ पूर्ण, बारावी म्हणजे हायस्कूल डिप्लोमा किंवा त्याच्या तोडीची जीईडी परीक्षा, आणि अमेरिकेत काम करण्याची कायदेशीर परवानगी. ही शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची. नागरिक आणि ग्रीन कार्डवाले यांना अडचण नाही. एच-वन-बी व्हिसा एका ठरावीक नोकरीशी बांधलेला असतो, त्यावर हे काम करता येत नाही. विद्यार्थी व्हिसावरही नाही. एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, वर्क परमिट असेल तर त्या लोकलला आधी फोन करून विचारा, कारण अप्रेंटिसशिपच्या, म्हणजे पगारी शिकाऊ उमेदवारीच्या, पाच वर्षांच्या करारासाठी परमिटची मुदत हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. अप्रेंटिसशिप मिळाली म्हणून भारतातून इथं येण्याचा व्हिसा मिळत नाही. ‘युनियनमध्ये लावून देतो, इतके लाख द्या’ असं कोणी म्हणत असेल तर तिथून उठून या. खऱ्या लोकलमध्ये अर्जाची फी नसते किंवा असली तर किरकोळ असते, आणि प्रवेश मिळतो तो परीक्षा, मुलाखत आणि यादी यांतूनच.

भारतातला आयटीआयचा फिटर किंवा वेल्डर ट्रेड झालेला असेल तर तो वाया जात नाही. थेट जर्नीमन, म्हणजे पूर्ण कारागीर, म्हणून घेत नाहीत. पण मुलाखतीत त्याचं वजन पडतं, आणि आधीच्या अनुभवाचं काही श्रेय द्यायचं का ते निवड करणारी कमिटी ठरवू शकते.

जाहिरात कधी निघते

इथंच निम्मे लोक चुकतात. बऱ्याच लोकल वर्षभर अर्ज घेत नाहीत. ठरावीक काळापुरती खिडकी उघडते, कधी अर्जांची संख्याही मर्यादित असते, आणि संपली की पुढची वाट बघायची. न्यूयॉर्क राज्याचं कामगार खातं अशा भरतीच्या सूचना प्रसिद्ध करतं. देशभरासाठी कामगार खात्याचं अप्रेंटिसशिप डॉट गव्ह आहे. याशिवाय तुमच्या भागातल्या प्रत्येक लोकलच्या प्रशिक्षण केंद्राला फोन करा आणि पुढचे अर्ज कधी ते विचारून कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. गाडीनं जाता येईल अशा दोन-तीन लोकलना अर्ज करायला हरकत नाही, लोक करतातच.

‘ओळख लागते का?’ हे प्रत्येक जण विचारतो. एके काळी लागायची. बापामागून मुलगा, काकामागून पुतण्या अशी भरती चाले. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या लोकल ६३८ वर कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश आडनावांच्या कामगारांना बाहेर ठेवल्याचा ठपका फेडरल कोर्टानं ठेवला होता. आज अप्रेंटिसशिप १९३७ च्या राष्ट्रीय कायद्याखाली नोंदलेली असते आणि निवड लेखी नियमांनी करावी लागते. माझी कुणाशीच ओळख नव्हती. मुलींनीही हे वाचावं : न्यूयॉर्कमध्ये ‘नॉनट्रॅडिशनल एम्प्लॉयमेंट फॉर विमेन’ ही संस्था १९७८ पासून बायकांना बांधकामाच्या ट्रेडसाठी विनामूल्य तयार करते.

कागदपत्रं : आपल्या नावांची खास अडचण

जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड, ग्रीन कार्ड किंवा पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, शाळेचा दाखला आणि मार्कशीट. यादी साधी वाटते. पण आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव पहिलं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी ‘गिव्हन नेम’मध्ये जोडलेलं, कधी गायबच. जन्मदाखल्यावर काही वेळा बाळाचं नावच नसतं. माझ्या तीन कागदांवर तीन तऱ्हेची नावं होती. पहिल्या वेळी खिडकीवरच्या बाईंनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, बोट फिरवलं आणि विचारलं, ‘ही तीन माणसं कोण?’ धावपळ करून नोटरीचं प्रतिज्ञापत्र आणेपर्यंत शेवटचा दिवस संध्याकाळवर आला होता.

म्हणून हे काम अर्जाच्या सहा महिने आधी सुरू करा. तिन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. मराठी दाखल्याचं इंग्रजी प्रमाणित भाषांतर करून घ्या. बारावीचं शिक्षण अमेरिकन हायस्कूलच्या बरोबरीचं आहे असा मूल्यांकन अहवाल लागतो. तो कोणत्या संस्थेचा चालेल ते लोकललाच विचारा, कारण पैसे आणि आठवडे दोन्ही जातात. बोर्डाकडून कागद यायला उशीर होत असेल तर सरळ जीईडी देऊन टाका.

लायसन्स आणि चालणारी गाडी यांना पर्याय नाही. काम सकाळी सहा-सातला सुरू होतं. आज एका गावात, महिन्याने साठ मैलांवर, आणि त्या वेळेला तिथं बस नसते.

परीक्षा : इथं आपण पुढे जाऊ शकतो

लेखी परीक्षेत गणित, उतारा वाचून उत्तरं, यंत्रांची समज, आणि घडी घातलेला आकार उलगडल्यावर कसा दिसेल अशा तऱ्हेचे प्रश्न असतात. गणित आठवी-नववीच्या वरचं नसतं. पण बऱ्याच ठिकाणी कॅल्क्युलेटर नसतो, आणि सगळा खेळ अपूर्णांकांचा. मिलिमीटरवर वाढलेल्या मुलाला सात अष्टमांशातून पाच षोडशांश वजा करायला सांगितलं की घाम फुटतो.

मला माझ्या आजोबांनी वाचवलं. त्यांना लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेतले होते. गावात बाजारहिशेब ते त्यावरच करत. आणि गावाकडचा सुतार किंवा गवंडी अजूनही इंच-सूत बोलतो : इंचाचे आठ सूत. अमेरिकन टेपवरची अष्टमांशाची रेघ म्हणजे एक सूत, षोडशांश म्हणजे अर्धा सूत. हे डोक्यात बसलं त्या दिवशी टेपची भीती गेली. सात सूत वजा अडीच सूत म्हणजे साडेचार सूत, म्हणजे नऊ षोडशांश. गणित तेच, फक्त आपल्या भाषेत.

पुढे कामावर तर हे रोज लागतं. वेल्डिंगचा नेहमीचा नव्वद अंशाचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, घ्या. त्याच्या मध्यापासून तोंडापर्यंतचं माप, ज्याला टेक-ऑफ म्हणतात, ते पाइपच्या मापाच्या दीडपट असतं. चार इंची पाइपला सहा इंच, सहा इंचीला नऊ, आठ इंचीला बारा. ही आजोबांची दिडकीच आहे.

आता जरा मोठं उदाहरण. चार इंची पाइप एका तुळईला चुकवून वीस इंच बाजूला न्यायचाय, पंचेचाळीस अंशाचे दोन एल्बो लावून. तिरप्या तुकड्याची मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी म्हणजे वीस गुणिले १.४१४ (दोनचं वर्गमूळ), म्हणजे २८.२८, सोयीसाठी सव्वाअठ्ठावीस इंच. त्यातून दोन्ही एल्बोंचे टेक-ऑफ (पंचेचाळीस अंशाच्या एल्बोला दिडकी लागत नाही, चार इंचीला ते अडीच इंच असतं), अडीच आणि अडीच, मिळून पाच इंच काढा. राहिले सव्वातेवीस. दोन्ही सांध्यांना वेल्डिंगसाठी एक एक सूत फट, म्हणजे पाव इंच, तेही काढा. पाइप कापायचा तेवीस इंच. हा हिशेब तुम्हाला कागदावर जमला तर परीक्षेतलं गणित तुमच्यासाठी सोपं आहे. नाही जमला तर दोन महिने रोज अर्धा तास अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी-गुणाकार करा. हातात टेप घेऊन घरातली टेबलं, दारं मोजा आणि माप सोळाव्या भागापर्यंत मोठ्यानं म्हणा.

मुलाखत : मी पहिल्यांदा इथंच पडलो

समोर चार-सहा माणसं बसतात, निम्मी युनियनची, निम्मी कंत्राटदारांची. या जॉइंट कमिटीच्या हातात सगळी अप्रेंटिसशिप असते. त्यांच्याकडे ठरलेले प्रश्न असतात आणि प्रत्येक जण गुण देतो.

मला विचारलं, ‘पाच वर्षांनी कुठे असशील?’ मी म्हणालो, ‘काही चांगलं मिळेपर्यंत हे करीन.’ मला वाटलं, प्रामाणिक उत्तर दिलं. त्यांना ऐकू आलं ते असं, की हा दोन वर्षं शिकून जाणार आणि आमची जागा फुकट घालवणार. पुढचा प्रश्न होता, ‘हातानं केलेलं एखादं काम सांग.’ मी म्हणालो, ‘विशेष काही नाही, थोडंफार वर्कशॉपमध्ये.’ आपल्याकडे स्वतःच्या तोंडानं स्वतःचं सांगू नये असं शिकवतात, ते घरी ठीक आहे. त्या खोलीत तुमच्याबद्दल सांगणारं दुसरं कोणी नसतं. मुलाखत संपताना एकानं उठून हात मिळवला तेव्हाच मला कळलं होतं की आपलं काही खरं नाही.

दुसऱ्या वेळी मी विहिरीवरच्या पंपाची गोष्ट सांगितली. उन्हाळ्यात पंप पाणी ओढेना, फूटव्हॉल्व्ह काढून बघितला तर त्यात काटकी अडकलेली. रात्री कंदिलाच्या उजेडात सक्शन पाइपाचे आटे साफ केले, सुतळी गुंडाळून परत बसवला, आणि सकाळी पाटात पाणी आलं. चार मिनिटं बोललो असेन. एकानं विचारलं, ‘हवा कुठून आत जातेय हे कसं शोधलंस?’ तिथून पुढे ती मुलाखत राहिली नाही, गप्पा झाल्या.

तेव्हा तुमच्या अशा दोन-तीन गोष्टी तयार ठेवा : काय बिघडलं, तुम्ही काय केलं, पुढे काय झालं. शाळेत किंवा नोकरीत गैरहजेरी नसेल तर ते आवर्जून सांगा, त्याला फार किंमत आहे. उंचीवर, थंडीत, पावसात काम करशील का या प्रश्नाला आधी स्वतःच्या मनाशी खरं उत्तर द्या. स्वच्छ शर्ट, धड बूट, पंधरा मिनिटं आधी हजर.

यादी आणि वाट बघणं

गुणांवर क्रमवार यादी लागते, बहुतेक ठिकाणी ती दोनेक वर्षं चालते. कामं जशी निघतात तशी वरून माणसं घेतात. माझा पहिल्या वेळचा नंबर इतका खाली होता की यादी संपली तरी फोन आला नाही. तो काळ मी फुकट घालवला नाही. कम्युनिटी कॉलेजात रात्रीचा वेल्डिंगचा कोर्स केला आणि एका छोट्या दुकानात पाइप उचलायची नोकरी धरली. दुसऱ्या अर्जात या दोन ओळींनीच माझं पारडं जड केलं असं मला वाटतं. फोन नंबर बदलला तर प्रशिक्षण केंद्राला कळवा. फोन न लागल्यामुळे नंबर गेलेला मुलगा मी पाहिलाय. बोलावणं आलं की अमली पदार्थांची चाचणी होते, तीत नापास झालात तर सगळं तिथंच संपतं.

पाच वर्षं

पाच वर्षांचा करार असतो. वर्षाला सुमारे १,७०० ते २,००० तास कामावर आणि किमान २१६ तास वर्गात. वर्ग कुठे संध्याकाळी, कुठे दिवसा. पगार पहिल्या दिवसापासून. बहुतेक ठिकाणी जर्नीमनच्या दराच्या चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास सुरुवात होते आणि टप्प्याटप्प्यानं वाढत जाते. त्याशिवाय आरोग्यविमा आणि पेन्शन. कॉलेजचं कर्ज डोक्यावर नाही. पहिलं वर्ष तुम्हाला पारखण्याचं असतं, त्यात कमिटी तुम्हाला काढू शकते, आणि बहुतेक मुलं कौशल्यापायी नाही तर उशिरापायी आणि गैरहजेरीपायी जातात.

सही करण्याआधी करार पूर्ण वाचा. काही ठिकाणी प्रशिक्षणाचा खर्च कर्ज म्हणून लिहिलेला असतो. युनियनच्या कामात राहिलात तर तो फिटत जातो, शिकून बिगरयुनियन कंत्राटदाराकडे गेलात तर परत मागतात. त्यात गैर काही नाही, पण माहीत असावं.

पहिले काही महिने पाइप उचलणं, झाडणं, पाइप टांगायचे हँगर बसवणं, कारागिराच्या हाती हवं ते देणं हेच असतं. त्या काळात डोळे उघडे ठेवा. माझ्या पहिल्या हिवाळ्यात एका हॉस्पिटलच्या बॉयलर रूममध्ये नवी वाफेची लाइन चालू करायची होती. माझ्याबरोबरच्या म्हाताऱ्या जर्नीमननं मुख्य व्हॉल्व्हला हातही लावला नाही. शेजारचा छोटा बायपास जेमतेम उघडला आणि बादली उलटी करून तिच्यावर बसला. थोड्या वेळानं पाइप टिक... टिक... वाजायला लागला. मी विचारलं, काय होतंय? म्हणाला, ‘लांब होतोय.’ सव्वाशे पौंड दाबाची वाफ साधारण ३५० अंश फॅरनहाइट असते, आणि शंभर फूट पोलादी पाइप त्या तापमानाला सव्वादोन इंच वाढतो. त्या वाढीसाठी लाइनमध्ये मुद्दाम वळसे ठेवलेले असतात. मग त्यानं ड्रेनमधून पाणी सगळं निघून गेल्याची खात्री केली आणि तासाभरानं मुख्य व्हॉल्व्ह पाव फेरा उघडला.

एवढा वेळ का घालवायचा ते मला नंतर वर्गात कळलं. थंड पाइपात वाफ शिरली की तिचं पाणी होतं. ते साचलं आणि मागून जोरात वाफ आली तर ती त्या पाण्याला बंदुकीच्या गोळीसारखं पुढे फेकते, याला वॉटर हॅमर म्हणतात. मॅनहॅटनच्या रस्त्यांखाली १८८२ पासून वाफेचं जाळं आहे. १८ जुलै २००७ ला ग्रँड सेंट्रलजवळ १९२४ साली टाकलेला त्यातला एक पाइप फुटला आणि रस्त्याच्या मधोमध खड्डा पडून वाफ उंच इमारतींएवढी वर गेली. पाणी बाहेर काढणारे ट्रॅप दुरुस्तीच्या मसाल्यानं तुंबले होते. म्हणून वाफेची लाइन कधी सपाट बसवत नाहीत, दर दहा फुटांना पाव इंच उतार देतात, म्हणजे पाणी ट्रॅपकडे वाहतं. पाणसळ लावून तो उतार तपासायचं काम नव्या अप्रेंटिसकडेच असतं. ते मन लावून करा.

आणखी एक. जोरदार दाबाची वाफ गळत असेल तर ती दिसत नाही. जे पांढरं दिसतं ते पुढे जाऊन थंड झालेलं पाणी असतं, खरी वाफ तिच्या अलीकडे, काचेसारखी पारदर्शक. शिट्टीसारखा आवाज आला आणि काही दिसत नसेल तर हात पुढे करू नका, जागच्या जागी थांबा आणि जर्नीमनला हाक मारा.

लेऑफ

बाबांच्या कारखान्यात गळीत हंगाम संपला की हंगामी कामगार घरी जायचे, दिवाळीच्या सुमाराला परत बोलावणं यायचं. इथंही बांधकाम संपलं की काम संपतं. त्याला घाबरू नका आणि लाजही वाटू देऊ नका. पहिल्या वर्षापासून दोन-तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला टाकत जा, मोठी गाडी हप्त्यावर घेऊ नका. वरिष्ठांनी चौकशीला बोलावलं आणि त्यातून शिक्षा होईल असं वाटलं तर युनियनचा स्टुअर्ड, म्हणजे कामावरचा प्रतिनिधी, सोबत मागायचा हक्क १९७५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं तुम्हाला दिलाय. तो मागावा लागतो, कोणी आपणहून देत नाही. आणि काम सुटल्याची चिठ्ठी हातात पडली की घरी जाण्याआधी, पार्किंगमधूनच, प्रशिक्षण केंद्राला फोन करा आणि बेकारी भत्त्याचा अर्ज त्याच आठवड्यात भरा.